बाबांची काठी

तीर्थरूप आईस, तुझ्या वांड पोराचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. वेळेवर जेवतो, महिनाभर दारूला शिवलो नाही. तुझे गुडघे कसे आहेत? शनिवारी पूलचा, म्हणजे बाबांच्या त्या टेबलावरच्या काठी-बॉलच्या खेळाचा, मोठा सामना आहे.

दुपारी हॉलमध्ये मी एकटाच सराव करतो. गेल्या आठवड्यात उगाच शायनिंग मारत अवघड शॉट घेतला आणि हुकला. मागच्या बाकावरून कुणीतरी काठी जमिनीवर दोनदा आपटली, खेळताना मी माजलो की बाबा त्यांची खेळायची काठी आपटायचे तशीच. वळून पाहिलं, तर बाक रिकामा. मालक म्हणाला, "अरे, इथे तुझ्याशिवाय चिटपाखरू नाही."

तेव्हापासून ती काठी रोज ऐकू येते. काल मात्र मी मुकाट्याने सरळ, साधा शॉट मारून बॉल पॉकेटात घातला आणि काठी एकदाच, हळूच वाजली. ती बाबांची शाबासकी. ते होते तोवर ताईला मिळायची, मला कधीच नाही.

घाबरू नकोस. बाबा गेले तेव्हा त्यांची खेळायची काठी आपण स्वच्छ पुसून माळ्यावर ठेवली होती. तू चढू नकोस, ताईला चढव. शॉट मारण्याआधी काठीच्या टोकाला घासतात तो निळा खडू तिला ताजा लागलेला दिसला, तर शनिवारपर्यंत तो पुसू नका.

तुझाच,
वांड