तलावाच्या जागी पुणे

मूल गाव, मंगळवार

कॉपी केलेला मजकूर धरून ठेवणारा क्लिपबोर्ड आईला कसा समजावू? मला जमत नाही.

मासेमारी करणाऱ्या बायांचा तलाव ठेक्याने मिळावा म्हणूनचा अर्ज मी नोट्सच्या अ‍ॅपमध्ये लिहिला. त्यात विम या जुन्या एडिटरसारखी बटणं चालू होती. त्यातलं कॉपीचं 'वाय' दाबून मजकूर उचलला. तो अ‍ॅपच्या आतच राहतो, बाहेर पेस्ट होत नाही, हे आज कळलं. सरकारी साइटवर चिकटला तो आधी कॉपी केलेला माझा पुण्याच्या नोकरीचा अर्ज. न वाचता पाठवला. लक्षात येईपर्यंत मुदत संपली, तलाव ठेकेदाराला जाणार.

आई म्हणाली, "पुण्याले जाचं व्हतं तं सांगाचं ना. बायाचा तलाव काऊन घालवला?"

पुण्याचा अर्ज. नेमका तोच. पदवीचा काय उपयोग?

दोष कॉम्प्युटरवर ढकलता आला असता. पण मघाशी प्रत्येकीच्या दारात जाऊन, मीच न वाचता पाठवला, असं सांगून आले.