एक सायकल, दोन माणसं

न्यू ॲमस्टरडॅम, बर्बीस
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय मर्लीन,

तुझ्या आईवर खटला झाला, हे तुला टोरांटोत कुणी सांगण्याआधी मीच सांगते. गुन्हा असा की, सार्वजनिक रस्त्यावर एका सायकलवर दोन माणसं. दुसरं माणूस म्हणजे तुझे डॅडी.

या गावात सायकली बिनदिव्याच्या फिरतात, उलट्या बाजूने अंगावर येतात, मिनीबसवाले वाटेल तिथे थांबतात. पोलिसांना सापडलं कोण, तर बहात्तर वर्षांची निवृत्त शिक्षिका, जी प्रत्येक वळणावर हात दाखवते. अडवणारा शिपाई देवनारायण. पाचवीत माझ्याच वर्गात होता आणि तेव्हाही वाक्य अर्धंच वाचायचा. म्हणाला, "मिस, उतरा. एका सायकलवर एकच माणूस, कायदा आहे." मी म्हटलं, "मला कायदा शिकवतोस? आधी टोपी सरळ कर." त्याने टोपी सरळ केली आणि माझं नाव लिहून घेतलं.

आता तू विचारशील, डॅडी सायकलवर कशाला. फोनवर मी सांगत आले की ते झोपलेत, बाहेर गेलेत, घसा बसलाय. ते खरं नव्हतं. ऑगस्टमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात व्यायामाला न्यावं लागतं. टॅक्सीचं दार लागलं की ते घाबरून ओरडतात, काचेवर हात आपटतात. दोन ड्रायव्हरांनी पुन्हा बोलावू नका म्हणून सांगितलं. सायकलवर मात्र गप्प बसतात, डाव्या हाताने माझी कंबर धरून. म्हणून रामनाथ वेल्डरकडून मागे पाठीची खुर्ची आणि पाय ठेवायला पट्ट्या बसवून घेतल्या. "आंटी, तुम्हाला वेड लागलंय," असं म्हणत त्याने कमरेचा पट्टाही आपणहून जोडला.

एके काळी, मी शाळेत असताना, हेच डॅडी मला दांडीवर बसवून कॉन्व्हेंटच्या फाटकापर्यंत सोडायचे. एकदा सिस्टर बेनेडिक्टाने पाहिलं. माझ्याकडून तो वाहतुकीचा नियम पन्नास वेळा लिहून घेतला. त्या बाईला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण कोर्टात तीच कामी आली. मॅजिस्ट्रेट बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" मी म्हटलं, "नाही. नियम शेवटपर्यंत वाचा. सायकल जास्त माणसांसाठी बनवलेली किंवा तशी करून घेतलेली नसेल, तरच तो गुन्हा." त्यांनी वाचलं. मग खाली आवारात येऊन सायकलवरची खुर्ची हलवून पाहिली आणि देवनारायणलाच तीत बसवलं. अख्खं आवार हसलं. खटला काढून टाकला. जाताना तो म्हणाला, "मिस, पाचवीतही तुम्ही मला जिंकू दिलं नाही."

पण हे पत्र जिंकल्याचं कळवायला लिहिलेलं नाही. त्या दिवशी देवनारायणने शिट्टी मारली तेव्हा मी कालव्यावरच्या पुलाचा चढ अर्धा चढले होते आणि गुडघ्यांनी हात टेकले होते. शिट्टी ऐकून मला हायसं वाटलं. भांडले ते नंतर. कोर्टातसुद्धा आतून वाटत होतं की बाईंनी बंदी घालावी, म्हणजे माझं थांबणं कायद्याच्या माथी मारता येईल. त्यांनी परवानगी दिली. आता कायदा माझ्या बाजूने आहे, पाय नाहीत. गेल्या सोमवारपासून आम्ही गेलेलो नाही. व्यायामाच्या दिवशी डॅडी सकाळीच डाव्या हाताने हॅट घालतात आणि जिन्यापाशी बसून राहतात. दुपारी मी ती काढून ठेवते. तू गेल्यापासून एकोणीस वर्षांत मी तुला ये म्हटलेलं नाही. ये.

तुझीच,
सायकल जिन्याखाली लावून बसलेली,
मम्मी