तांब्याचा पाट न् कोरलेला बांध

बदनापूर

ती. नंदाअक्कास, धाकट्या पारूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. डोळ्याचं आपरेशन झालं, थेंब टाकतीस ना बराबर? आम्ही इकडं ठीक; गुडघा तेवढा माझं ऐकत न्हाई. फोन केला असता, पण फोनवर तूच बोलतीस. म्हणून चौथीपर्यंतच्या शाळेची लाज राखून लिहून राह्यले. तुझी सून साधना वाचून दाखवीलच.

तर अक्का, आपली मोनाली मशीन करून राह्यली! माझी नात म्हणून सांगत न्हाई (म्हणूनच सांगते). डिप्लोम्याचं शेवटचं वर्ष, सोमवारी कॉलेजात सायबांपुढं दाखवायचंय: गर्मी वाढली की कूलर आपोआप सुरू. जमलं तर सर्जेराव तिला संभाजीनगरला पुढं शिकायला धाडणार, न्हाई तर त्यानं मंठ्याचं स्थळ बघून ठेवलंय. (पोरगा माझाच, पण अक्कल त्याच्या बापाची.)

त्या मशीनीत तांबं चढवलेली एक पाटी असती, पोथीच्या पानाएवढी. तिच्यावर मार्करनं रेघा ओढायच्या न् औषधाच्या पाण्यात बुडवायची. रेघेखालचं तांबं राह्यतं, बाकीचं विरघळतं, न् त्या रेघांतून करंट पळतो. पहिल्या पाटीवर कूलरच्या मोटरीकडं जाणारी रेघ शेवईसारखी बारीक. कूलर लावला न् रेघ जळून काळी! पोरगी रडली न्हाई, हिशोब मांडत बसली: करंट किती, तांबं किती जाड, तापंल किती, मंग रेघ किती रुंद. मला म्हणली, "आजी, मोटरीचा करंट म्हंजे इहिरीचं पाणी. त्याला पाट लागतो, वाफ्याचा दांड पुरत न्हाई."

मला एवढं पटलं, एवढं पटलं, की नव्या पाटीवर रेघा ओढून ती आंघोळीला गेल्ती तवा मीच मार्कर घेतलं. रुंद चांगलं तर सगळंच रुंद! हात रांगोळीचा, पाटी कशी भरून काढली. मोनाली आली न् किंचाळली, "आजी, दोन पाटांमधला बांध कुठं गेला? अशीच लावली असती तर धडाका झाला असता!" अक्का, शेजारच्या रखमाजीनं आपला बांध कोरला तवा मी गाव गोळा केल्तं, न् आता मीच नातीचा बांध कोरला! बिचारीनं ब्लेडनं खरवडून परत बांध घातला, मंग पाटी बुडवली.

न् काल काय सांगू! कूलर घरघरला की गं. बंद करून बोट लावून बघितलं, पाटी थंडगार! मी मीठमिरची घेऊन दृष्ट काढली. पाटीची. पोरीची सवडीनं काढीन.

लहानांना आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझी,
पारू

ता. क. पाटी थंडगार, पण कूलर जळाला. जुनी मोटर आडकत होती म्हणे. पहिल्या पाटीची बारीक रेघ आधीच जळाली म्हणून ती वाचली. आता रेघ टिकली न् मोटर गेली. सोमवारपुरता तुझा नवा कूलर दे. काय होत न्हाई त्याला, पोरीनं आता फ्यूज बसवलाय.

ता. क. दुसरा. साधनाबाई, वरचा ता. क. अक्काला वाचू नको. पत्र घेऊन आलेल्या आमेरचा टेम्पो दारातच उभा असंल. अक्का दुपारची झोपली की कूलर गुपचूप चढव. उकडून उठली तर सांग, लाईट गेली.