वरची जागा

सोमवार, २ तारीख

सामान सुखरूप पोचलं: पत्र्याच्या दोन पेट्या, गाद्यांची वळकटी, डब्यांचं पोतं, देवांचा डबा आणि सासूबाईंची खाट. टेम्पोचे नऊशे, हमालांचे दीडशे (मागत होते दोनशे), नव्या कुलपाचे साठ. वाटेत एक बरणी फुटली, पण ती आधीच तडकलेली होती, म्हणून नुकसानीत धरली नाही.

दादा, रोज पत्र टाकणं परवडायचं नाही. रोज थोडं लिहीन आणि महिनाअखेरीस सगळी पानं एकाच पाकिटातून तुला पाठवीन.

देवाच्या कृपेने घर छान मिळालं. तळमजल्याच्या दोन खोल्या, मागे मोरी, मागच्या दारापलीकडे थोडी वाळू आणि मग समुद्रच. हे कामाला आहेत तो बर्फाचा कारखाना बंदरावर, चालत जाण्याजोगा. आपण नळाच्या पाण्यावर वाढलेली माणसं, एवढं पाणी फुकट बघून माझी तर छातीच दडपली. सासूबाई म्हणाल्या, एवढं पाणी आणि प्यायला घोटभर नाही, अगदी तुझ्या माहेरच्या पाहुणचारासारखं. मुद्दाम कळवते आहे.

मालकीणबाई वर एकट्या राहतात. आमच्या स्वयंपाकघरातून वर जिना जातो. त्याच्या माथ्यावर दार आहे, पण कडी त्यांच्या बाजूने. त्यांनी बजावलं, जिन्याच्या दारावर थाप मारायची नाही, काही लागलं तर अंगणातून हाक मारा. असतो एकेकाचा स्वभाव.

बुधवार, ४ तारीख

भिंतींना खालून तेलाचा रंग आहे, वर साधा पांढरा. दोन्ही रंगांची रेघ मी हात उंचावला तरच पोचेल एवढ्या उंचीवर. तेलाचा रंग महाग, कमरेइतका लावतात. एवढा कशाला? मालकीणबाई म्हणाल्या, पुसायला बरा पडतो. छताजवळची भिंत पुसायला कोण जातं, हे मी मनात ठेवलं.

भाडं इतकं कमी का, हाही प्रश्न मनातच ठेवला. विचारून वाढवून घ्यायचं का?

शनिवार, ७ तारीख

दुपारी मागच्या दाराशी एक बाई आली. माझ्याच वयाची, साडीचा काठ ओला. भीक मागत नव्हती. हळू आवाजात म्हणाली, मोठी भरती येणार आहे, वरची जागा आत्ताच धरून ठेवा. आणि म्हणाली, आम्ही दोघी आहोत, आमचंही बघा.

दादा, तुला म्हणून सांगते, मला भरून आलं. हे अजून हंगामीच आहेत. कारखान्यात भरती निघाली आणि वरची जागा मिळाली तर सासूबाईंच्या लुळ्या पायांसाठी चांगला डॉक्टर बघता येईल. तिचा नवरा कारखान्याच्या कचेरीत असावा. पण दोघी कोण? सख्ख्या जावा असतील, त्यांच्याही घरच्यांना लावायचं असेल.

बुधवार, ११ तारीख

हे तापूनच घरी आले. मी भरीला घातलं म्हणून मॅनेजरकडे गेले आणि भरतीचं विचारलं. तो सगळ्यांदेखत म्हणाला, भरती इथे दिवसातून दोनदा येते, तुम्हाला कुठली हवी, सकाळची की संध्याकाळची? सगळे पोट धरून हसले. आता यांना कारखान्यात 'भरतीवाले' म्हणतात.

म्हणजे समुद्राची भरती! आपल्याकडे समुद्र असता तर आधीच कळलं असतं. पण मग त्या बाईने आमची थट्टा का केली? दिवसातून दोनदा येते ती सांगायला कोणी दारात येतं का? नक्कीच काहीतरी काढून घ्यायचं असणार. मागच्या दाराला नवं कुलूप घातलं.

शनिवार, १४ तारीख

कुलूप जसंच्या तसं. तरी स्वयंपाकघरात ओली पावलं. मागच्या दारातून आत येणारी नाहीत, सासूबाईंच्या खाटेपासून निघून जिन्याकडे गेलेली. परत आलेली एकही नाही. हंड्यातलं पाणी तोंडात घातलं तर खारट.

मालकीणबाईच रात्री खाली उतरत असणार. आमच्या डब्यांत हात घालतात की काय? साखरेवर बोटाने खूण करून ठेवली.

मंगळवार, १७ तारीख

साखर जागेवर आहे. सासूबाई म्हणतात, दुपारी एक म्हातारी खाटेच्या पायाशी येऊन बसते. केस निथळत असतात, पाय गार पडलेत म्हणते. बिचारीला सून मात्र गुणाची आहे, शेवटपर्यंत सोडून गेली नाही. हा टोमणा मलाच असणार.

मग खाटेखाली पुसायला वाकले. फरशीवर वाळू होती.

गुरुवार, १९ तारीख

दूधवालीला गाठलं. आधी टाळत होती. मग म्हणाली, ताई, तुम्हाला कोणी सांगितलंच नाही? फार वर्षांपूर्वी पार पलीकडच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला. इथे भांडंसुद्धा वाजलं नाही. पण अर्ध्या दिवसाने समुद्र उठून गावात आला. या खोल्यांत सासू आणि सून राहायच्या. सासू अंथरुणाला खिळलेली. सुनेने तिला ओढत जिन्यावर नेलं, दारावर थापा मारल्या. मालकीणबाईंनी भीतीने दार उघडलं नाही.

तेव्हापासून जिन्यावरची थाप ऐकली की त्या कानात बोटं घालतात. थाप अजून येते म्हणे.

रंगाची रेघ आता बघवत नाही, पाणी तिथवर चढलं असणार.

शुक्रवार, २० तारीख

ती पुन्हा आली होती. कुलूप लावलेलं, ती आत उभी. तेच बोलली. मी रामनाम घेत राहिले.

यांना म्हटलं, घर बदलू. म्हणाले, भरती झाली, आता भुतं का?

शनिवार, २१ तारीख

सकाळी दिव्याची वात हलली, वारा नसताना. देवांचा डबा फळीवर सरकला.

रेडिओवर सांगतायत, समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप. पलीकडची बेटं गेली. लाटा सगळ्या किनाऱ्यांकडे निघाल्यात — आपल्याकडे दुपारपर्यंत —

मोठी भरती. ती थट्टा करत नव्हती. वरची जागा म्हणजे वरचीच जागा.

तीच तारीख, दुपार

गल्ली रिकामी. दूधवाली पळता पळता ओरडली, कारखान्याच्या माणसांना ट्रकने टेकडीवर नेलंय. म्हणजे हे सुखरूप. सासूबाईंना उचलायला कोणी थांबलं नाही.

समुद्र मागे गेला आहे. होड्या चिखलात आडव्या. इतकी शांतता कधी ऐकली नव्हती.

सासूबाईंना चादरीत घालून जिन्यावर ओढते आहे. एक पायरी. मग एक. म्हणतात, मला ठेव आणि जा. मी म्हटलं, गप्प बसा हो, आयुष्यभर बोललात तेवढं पुरे. दोघी हसलो.

अंगणातून हाका मारल्या होत्या. वरची खिडकी बंदच. आता अंगणात पाणी आहे. मागचं दार गेलं. माझा काठ भिजला.

जिन्याच्या दारावर थापा मारते आहे. आतून मालकीणबाई रडतायत. म्हणतात, मी ओळखते तुम्हाला, तुम्ही गेलात, दोघी परत जा —

मी ओरडले, आम्ही दोघी आहोत, वर जागा द्या — आणि माझं मलाच ऐकू आलं. तेच शब्द. तोच आवाज.

दादा, हे पान तुला नाही. हे दाराखालून आत सरकवते.

मालकीणबाई, मी तुमची भाडेकरीण. जिवंत आहे. अक्षर बघा, भाड्याच्या कागदावर सही केली तेच. मेलेली माणसं लिहीत नाहीत. सासूबाईंना तरी आत घ्या, मी पायरीवर थांबते. मान्य असेल तर उलट टपाली कळवा, याच पानावर, याच फटीतून, लवकर, पाणी आता रेघेच्या —