बयाबाईच्या पायांचे फर्मे

मी, एस्तेर विश्वास सातपुते, वय शहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार उचगाव, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचे दडपण नाही. माझ्यावर दडपण आणील असा माणूस आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीवर अजून निवडून आलेला नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही; भाषणे पुष्कळ केली.

कलम १. उचगावातील घर वडिलोपार्जित नाही. ते माझ्या पगारातून आणि माझे दिवंगत पती विश्वास यांच्या चपला शिवण्याच्या धंद्यातून उभे राहिले, व त्यांनी हयातीतच ते माझ्या नावे केले. माझ्यामागे बयाबाई जिवंत असेपर्यंत या घरात राहील. तिला कोणी उठवायचे नाही आणि मागच्या खोलीत सरकवायचेही नाही. रस्त्याकडच्या खिडकीची खोली तिची आहे. तिच्यामागे घर माझा मुलगा आदर्श याचे. त्याला कसलीही अट नाही.

बयाबाई कोण, हे वाचणाऱ्यास ठाऊक असावे म्हणून लिहिते. ती मलकापूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीची. लग्नानंतर अंगावर कुष्ठाचा चट्टा दिसला, तेव्हा सासरच्यांनी तिला शेतातल्या खोपीत ठेवले. आधी भाकरी खोपीच्या दारात यायची, मग बांधावर, मग आलीच नाही. रोग पुढे गोळ्यांनी पुरता बरा झाला. बोटे परत आली नाहीत, आणि माणसेही. विश्वास एका दवाखान्याच्या फाटकाबाहेर सुन्न पायांसाठी मऊ रबराच्या चपला शिवून द्यायचे. त्या चपलेत एकही खिळा नसतो, कारण सुन्न पायाला खिळा टोचलेला कळत नाही. मी शेजारी बसून दोरा ओढत होते. त्यांनी कोणत्याही गिऱ्हाइकाचा घ्यावा तसा बयाबाईचा पाय मांडीवर घेतला, तशी ती ओरडली, "अवो पावणं, पाय सोडा! म्या कोन हाय ठावं न्हाय व्हय?"

"ठावं हाय की," विश्वास म्हणाले. "उजवा सहा नंबर, डावा चार. हलू नका."

ती हसली आणि मग हुंदके देऊन रडली. दुसऱ्या दिवशी मी जाऊन तिला घरी घेऊन आले.

कलम २. माझ्याजवळ एक पितळी पेला आहे. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरस भरून तो हातोहात फिरायचा; सगळे एकाच कडेला ओठ लावायचे. बयाबाईचा बाप्तिस्मा झाला, ती पहिल्यांदा मेजाजवळ आली, आणि तिच्यानंतर पेला पुढे सरकेना. पुढच्या महिन्यात काचेच्या इवल्याशा पेल्यांचा ट्रे आला. कारण सांगितले, आरोग्य.

मी उभी राहिले. म्हणाले, "ज्या प्रभूने कुष्ठी माणसाला आधी हात लावला आणि मग बरे केले, त्याच्या मेजावर तुम्हाला मध्ये काच लागते?"

तेव्हाचे चिटणीस म्हणाले, "बाई, खाली बसा. मेजापाशी भाषण नको."

बयाबाईने माझा पदर ओढला. "बसा वो बाई. मला बाटलीच्या टोपनातनं दिलं तरी गोडच लागतंय."

तिच्यासाठी मी बसले. मनाने अजून उभी आहे.

त्या साली मंडळीच्या कापणीच्या सणाच्या लिलावात भोपळे, कोंबड्या आणि गुळाच्या ढेपा यांच्यासोबत तो पेलाही निघाला. मी बोली सोडली नाही. आज तो आमच्या स्वयंपाकघरात आहे. बयाबाई दर शनिवारी त्याला चिंच लावते आणि दोन तळहातांत धरून लख्ख करते.

हा पेला मी मंडळीला देते. आधी मी इथे अट लिहिली होती: बयाबाईनंतर सर्वांनी त्याच पेल्यातून घेतले, तरच पेला आणि माझी बँकेतली ठेव मंडळीची. मसुदा आमच्या गल्लीतले वकील प्रसेनजीत कांबळे यांना दाखवला.

"मावशी, ही अट कोर्टात टिकायची न्हाय," ते म्हणाले. "आन टिकली तरी, पैशासाठी घेतलेला घोट तुमास्नी चालंल का? आमच्या आजीला लोक वरनं पानी वाडायचे. अट घालून त्यांचा हात खाली आला नसता."

मी अट खोडली. कृपेला अट लावली की तिचा सौदा होतो, हे मी व्यासपीठावरून आयुष्यभर सांगितले आहे. तेव्हा पेला बिनशर्त मंडळीचा. काचेच्या कपाटात ठेवलात तरी मी भांडायला येणार नाही. पण एखाद्या रविवारी बयाबाईच्या हातून तो शेजारणीकडे जावा, शेजारणीने कड न पुसता ओठाला लावावा, एवढे बघायला माझे डोळे आसुसले आहेत. हे काही कलम नाही. इच्छा आहे.

कलम ३. बँकेतील ठेव बयाबाईच्या औषधपाण्यासाठी. उरेल ते तिच्यासारख्या पायांच्या चपलांसाठी.

कलम ४. वर उल्लेख केलेल्या माजी चिटणिसांस माझ्याकडून हात निर्जंतुक करायची एक बाटली, न वापरलेली. करोनात त्यांना घरातच चौदा दिवस वेगळे ठेवले होते आणि ताट दारातून आत सरकवत होते. त्यांनी फोनवर रडून सांगितले, "बाई, कुणी जवळ येत नाही हो." बयाबाई त्यांच्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना करत होती. राग माझ्याकडेच उरला आहे. तो कोणाला देत नाही, माझ्याबरोबरच पुरून टाकावा.

कलम ५. विश्वासची रापी, आरी, हातोडी, ऐरण आणि बयाबाईच्या पायांचे दोन लाकडी फर्मे, म्हणजे चप्पल बेतायचे साचे, आदर्शला. ते एकमेकांचे जोडीदार नाहीत. एक लांब, एक आखूड. आदर्श पुण्यात बुटांच्या कंपनीत नमुने काढतो. कसब बापाचे आहे. विश्वासने शिवलेली शेवटची जोडी आता झिजली आहे, आणि दुकानातल्या चपलेने बयाबाईच्या पायाला जखम होते.

आदर्श लहानपणी तिच्या आधाराने चालायला शिकला. धरायला बोटे नव्हती म्हणून मनगट धरायचा. त्याला मूल झाले तेव्हा तो म्हणाला, "आई, बाळ हाय आता. मावशीची कुठंतरी सोय बघ." मी म्हणाले, "सोय झालेली आहे. ती इथेच राहते." तो पुण्याला निघून गेला. नाताळला फोन येतो. नातवाचा आवाज मी फोनवरच ऐकला आहे. बयाबाई दर रविवारी एक भाकरी जास्त थापते आणि संध्याकाळी कुत्र्याला घालताना म्हणते, "आज बी तुजीच चैन हाय की."

फर्मे कुठे ठेवले आहेत, ते मुद्दाम लिहिलेले नाही.

कलम ६. माझ्या दफनाला भाषण नको. घरी येणाऱ्याने बयाबाईच्या हातची भाकरी खावी. ज्याला ती चालत नाही, त्याने हारही आणू नये.

हे सर्व लिहून झाल्यावर आज, मंगळवारी, मी आदर्शला फोन करून कलम पाच वाचून दाखवले. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाला, "मावशीचा डावा पाय अजून चारच हाय?"

"माप मला घेता येत नाही," मी म्हणाले.

"फर्मे कुठं ठेवल्यात?"

"ये आणि शोध."

तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. बयाबाई चुलीपाशी ऐकत होती. रविवार नव्हता, तरी तिने परातीत आणखी एका भाकरीचे पीठ घेतले.

वरील मजकूर माझा आहे. साक्षीदारांसमोर सही करते.

एस्तेर विश्वास सातपुते
(सही)

आमच्यादेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्यादेखत केली:

१. शिवगंगा पंचाक्षरी स्वामी, शेजारीण, उचगाव (सही)
२. ॲड. प्रसेनजीत कांबळे, उचगाव (सही)

ठिकाण: उचगाव, कोल्हापूर
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५