मामांच्या कॅसेटमधले पाय

१७ एप्रिल, गुरुवार

पापडाचं मशीन काढायला माळ्यावर चढले आणि आमच्या लग्नाची कॅसेट सापडली! तेवीस वर्षांत ती कुणी पाहिलेली नाही. शूटिंग माझ्या कचरूमामांनी केलेलं, हौसेनं घेतलेल्या स्वतःच्या कॅमेऱ्यानं. ती चालतेही त्याच कॅमेऱ्यात. आणि मामा रुसलेले. मानपानाच्या वेळी माझ्या सासऱ्यांनी माईकवरून सगळ्यांना आहेरासाठी पुकारलं, मुलीच्या मामालाच पुकारलं नाही म्हणे. कॅसेट माझ्या हातात कोंबून, न जेवता पिंपळगावला गेले ते गेलेच. कॅमेरा मागितला की एकच उत्तर – "बिघडलाय."

हे म्हणतात, "पुकारलं होतं. माझ्या बापानं कुणाचा मान चुकवला न्हाई." सासरे गेले, भांडण आहे तिथेच आहे.

मोनालीचं लग्न अकरा मेला. माझ्या माहेरचं आता मामा एवढंच माणूस उरलंय. लेकीच्या लग्नात ते हवेतच. काय खरं काय खोटं ते एकदा कॅसेटमध्ये दिसू दे.

१९ एप्रिल

जालन्याला जाऊन बुद्धभूषणच्या फोटो स्टुडिओत कॅसेट दिली; त्याच्याकडे असल्या कॅसेटचं जुनं मशीन आहे. "ताई, डीव्हीडी करून देतो बराबर. पण लावणार कशात?"

ह्याचा विचारच केला नव्हता.

२४ एप्रिल

डीव्हीडी आली. प्लेअर शेजारच्या प्रेमबाईंकडे निघाला – त्यावर त्यांनी फुलदाणी ठेवलेली. प्लेअरबरोबर प्रेमबाईही आल्या.

लावलं. पाय! नुसते पाय. कॅमेरा मामांच्या हातात लोंबकळतोय आणि खाली मांडवातले पाय, सतरंजी, सांडलेली जिलबी, एक कुत्रं. मग मामांचा आवाज, "हां, आता हसा, चालू करतो" – आणि तिथेच तुटतं. पुन्हा सुरू होतं ते पायांवरच. लाल दिवा लागला म्हणजे कॅमेरा बंद, असं मामांनी धरलेलं. चौकातल्या सिग्नलसारखं! सप्तपदी नाही, मंगळसूत्र नाही, मी तर कुठेच नाही. प्रेमबाई म्हणाल्या, "ही टाच तुझीच हाय बघ." ती नणंदेची निघाली.

हसून हसून पोट दुखलं. तेवढ्यात लाईट गेली.

२५ एप्रिल

पुढचं आज पाहिलं. मामांचे नवे पांढरे बूट, माईकवाल्याच्या टेबलापाशी. मामा त्याला झापतायत, "आवाज कमी कर, शूटिंगमध्ये खरखर येऊन राह्यली." आणि कर्ण्यातून सासऱ्यांचा आवाज, "आता मुलीचे मामा, श्री. कच–" तेवढ्यात मामांचा हात खाली आला आणि वायर उपटली. सगळं गप्प.

स्वतःचंच नाव!

ह्यांनी तो तुकडा तीनदा लावला. मला वाटलं, जिंकल्याच्या आनंदात. बघते तर डोळे भरलेले. वडिलांचा आवाज घरात तेवढाच आहे. मग डोळे पुसून म्हणाले, "हळदीला मोठ्या पडद्यावर लावतो. सगळ्या पाहुण्यांसमोर. बिलकुल सोडणार न्हाई."

२७ एप्रिल

अबोला. मी म्हटलं, असं केलंत तर मामा पुन्हा तोंड दाखवणार नाहीत. हे म्हणाले, "अन् माझ्या बापावर एवढी वर्षं आळ राह्यला, त्याचं काय?"

तेही खरंच.

३० एप्रिल

एकटीच पिंपळगावला गेले. पत्रिका दिली. मामा फार वाळलेत. काठीशिवाय उठता येत नाही. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही नाही. मग मीच म्हटलं, "मामा, ती कॅसेट डीव्हीडीवर करून आणली."

चहाची बशी ओठापर्यंत गेली होती, तिथेच थांबली. "काय हाय तिच्यात?"

"पाय."

"अन्?"

"नुसते पाय, मामा. दुसरं काहीच न्हाई."

खोटं बोलले. बरं वाटलं. माझ्या मामांना कुणी हसलेलं मला सोसणार नाही.

घरी आल्यावर ह्यांना काठीचं सांगितलं. ऐकून घेतलं, उठले आणि डीव्हीडी माझ्या साड्यांच्या खाली ठेवून आले. मग म्हणाले, "चहा टाक."

११ मे, रविवार

मामा आले! एका हातात काठी, गळ्यात तो "बिघडलेला" कॅमेरा. बॅटरी म्हणे मागच्याच वर्षी बदलली. लाल दिवा लागलेला, म्हणजे ह्याही लग्नाचे पायच. ह्यांनी स्वतः माईक धरून मामांचं नाव पुकारलं. वायरीपाशी दिरांना बसवून ठेवलं होतं. आहेर घेऊन मामा माझ्याजवळ आले, कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "वंदे, वायर दिसती का गं त्यात?"

पिंपळगावला मी वायरीचं नावही काढलं नव्हतं.