पेशंट मीच

४ मार्च
ती. ताईस, शि. सा. न.
मी हल्ली पाण्यात न उतरता काठावरूनच शिट्ट्या मारत पोहायला शिकवतो, ही चहाडी तुझ्याकडे कोणी केली? कारण सांगतो, पण हसू नकोस. छातीवर डाव्या बोंडीखाली गाठ आहे. वर्षापूर्वी वाटाण्याएवढी होती, आता बोराएवढी झाली. दुखत नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवली. वयात येताना मुलांना होतं असं, आपोआप जिरेल, म्हणाले. आईला मात्र कळवू नकोस.
लोभ आहे तेवढा राहू दे, टोमणे थोडे आटप.
तुझा, बोका

९ मार्च
चि. बोक्यास, अ. आ.
छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका काढते, पण ‘वयात येताना’ याहून मोठी चूक या महिन्यात सापडली नाही. एकविसाव्या वर्षी? वयात तू केव्हाच आलास, अक्कल यायची राहिली आहे. वर्षभर वाढणारी गाठ अशी जिरत नसते. मोठ्या इस्पितळातल्या स्तनरोग विभागात जा. लाजत जा हवं तर, पण जा. सुईने तुकडा काढून तपासून घे. नाहीतर मीच येऊन कान धरून नेईन.
तुझी, ताई

२८ मार्च
ती. ताईस, शि. सा. न.
गेलो. बाकांवर सगळ्या बायका. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पेशंट कुठे आहे? मीच, म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला. एका आजींनी सरकून जागा दिली आणि मला धीर यावा म्हणून स्वतःच्या ऑपरेशनची अख्खी हकीकत ऐकवली.
काल निकाल आला. ताई, कॅन्सर आहे. सिक्रेटरी कार्सिनोमा म्हणतात त्याला. फार दुर्मिळ, पण तरुणांत, अगदी लहान मुलांतही होतो, आणि वाढतो सावकाश. डॉक्टरबाईंनी इतक्या वर्षांत हा दुसराच पाहिला, म्हणून आठ विद्यार्थ्यांना बोलावून दाखवला. अभ्यासाच्या कामी मी प्रथमच कोणाच्या उपयोगी पडलो. गाठ भोवतालच्या चांगल्या मांसासकट काढायची, बगलेतली एक ग्रंथी तपासायची. ती स्वच्छ निघाली तर बहुधा केमो लागणार नाही. हे सगळं हसत ऐकलं. बाहेर आलो तर सायकलचं कुलूप उघडेना. बराच वेळ घराची किल्ली लावत होतो.
बारा एप्रिलला ऑपरेशन. येशील?
तुझा, बोका

१ एप्रिल
चि. बोक्यास, अ. आ.
येशील का म्हणून विचारतोस? तुझं पत्र वाचून तीन पानं तपासली, एकही चूक दिसली नाही. साहेबांना नंतर अकरा सापडल्या. यावरून काय ते ओळख.
आईला मी सांगणार नाही, तू सांगायचंस. आज कळलं तर ती रडेल. मागाहून कळलं तर बोलायचीच नाही. ते झेपेल का तुला?
दहाला पोचते. चादरी धुऊन ठेव.
तुझी, ताई

८ मे
चि. बोक्यास, आईचे अ. आ.
तुझं चार पानी पत्र मिळालं. गाठ निघाली, ग्रंथी स्वच्छ, केमो नाही, दर सहा महिन्यांनी तपासणी, एवढं दोनदा वाचलं आणि मग बाकीचं. ताई म्हणाली होती, बोक्याकडे सहज जाऊन येते. सहज जाणारी माणसं चार टॉवेल नेत नाहीत, तेव्हाच पाल चुकचुकली होती.
व्रणाची लाज वाटते, लिहितोस. तुझ्या जन्माच्या वेळी माझं पोट फाडलं, त्या व्रणाची मी तर कधी लाज धरली नाही.
चांगलं खरमरीत लिहायला बसले होते, पण हात चालत नाही. हे टपालपेटीत टाकते आणि तशीच गाडी गाठते. कोण आधी पोचतं बघू. दार वाजलं तर आधी उघड, हे मग वाच.
तुझी, आई